बायोचा पट : सुईने नोंदवलेली स्वारी

भरतकाम शिकवणाऱ्या आमच्या बाई रुमाल हातात घेतला की आधी उलटा करायच्या. वरून फूल कितीही सुबक दिसो, मागे दोरे लोंबत असले किंवा एका पाकळीवरून दुसरीवर लांब उड्या मारलेल्या असल्या, तर सगळं उसवायला लागायचं. पुढे कितीतरी वर्षांनी अकराव्या शतकातल्या एका भरतकामाबद्दल वाचायला घेतलं, तेव्हा त्यात कळलं की १९८२-८३च्या हिवाळ्यात अभ्यासकांनीही तेच केलं होतं. त्यांनी अस्तर सोडवून कापड मागून पाहिलं, फोटो काढले, दोऱ्यांची तपासणी केली. मला एकदम बाई आठवल्या, आणि तेव्हापासून मी या कापडाच्या मागेच लागले आहे.

हे कापड म्हणजे बायोचा पट. बायो हे फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतातलं एक जुनं गाव. पटाची लांबी सुमारे ६८ मीटर. आठ नऊवारी साड्या टोकाला टोक लावून जोडल्या तर साधारण एवढी लांबी भरेल. रुंदी मात्र साडीच्या निम्म्याहूनही कमी, जेमतेम अर्धा मीटर. १०६६ साली नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम समुद्र ओलांडून इंग्लंडवर चालून गेला, तिथल्या राजाचा पाडाव करून गादीवर बसला. त्या स्वारीची सगळी हकीकत या पट्टीवर डावीकडून उजवीकडे चित्रांनी सांगितली आहे, आणि चित्रांच्या वर लॅटिनमधल्या त्रोटक ओळी आहेत. सहाशेहून जास्त माणसं, दोनशेच्या आसपास घोडे, चाळीसेक जहाजं, शिवाय कुत्रे, पक्षी, झाडं, किल्ले. हे सगळं भरलं गेलं ते लढाईनंतर दहा-पंधरा वर्षांच्या आत, बहुधा १०७०च्या दशकात. म्हणजे ज्यांनी ती स्वारी सोसली ती माणसं हयात असताना.

जगभर याला ‘बायो टॅपेस्ट्री’ म्हणतात, पण टॅपेस्ट्री हे नाव चुकीचं आहे. फरक समजायला पैठणी डोळ्यांपुढे आणा. पैठणीच्या पदरावरचा मोर मागाबाहेर काढलेला नसतो. कापड विणलं जात असतानाच बाण्याचे रंगीत धागे गुंतवून तो उभा राहतो. त्या पद्धतीला टॅपेस्ट्री म्हणतात. बायोच्या पटात तसं काही नाही. आधी पांढरट लिनन विणून तयार झालं, मग त्यावर सुईने लोकरीचे धागे भरले. साधं, सरळ भरतकाम.

टाके कसे घातले आहेत

बायोच्या संग्रहालयाने अख्ख्या पटाचे अतिशय स्पष्ट फोटो जोडून आपल्या संकेतस्थळावर ठेवले आहेत. ते मोठे करत गेलं की एकेक टाका दिसतो. मी त्यात तासन् तास घालवले आहेत, त्यामुळे इथे जरा रेंगाळते.

मुख्य टाके दोनच. बाह्यरेषा, चेहरे, हातांची बोटं आणि सगळी अक्षरं ही फुलाचा देठ भरायला आपण वापरतो त्या टाक्याने काढली आहेत. पीळ दिलेल्या दोरीसारखी ती रेघ दिसते. साखळी टाकाही क्वचित भेटतो. पण आतले भरीव भाग, म्हणजे घोड्याचं अंग, माणसाचा अंगरखा, जहाजाच्या फळ्या, हे सगळं वेगळ्या युक्तीने भरलंय. आधी लोकरीचे धागे एकमेकांना खेटून एका दिशेने पसरायचे. मग त्यांच्यावर आडवे धागे थोड्या थोड्या अंतराने टाकायचे, पिंजऱ्याच्या गजांसारखे. आणि शेवटी ते आडवे धागे जागोजाग बारीक टाक्यांनी कापडाला बांधून टाकायचे. तीन थर झाले, पण काम भराभर होतं आणि जागा भरून निघते.

यातली हुशारी मागच्या बाजूला कळते. आपल्या नेहमीच्या भरीव टाक्यात जेवढा दोरा पुढे तेवढाच मागे जातो. इथे सुई आकाराच्या कडेला खाली जाते आणि तिथेच शेजारून वर येते, त्यामुळे जवळजवळ सगळी लोकर पुढच्या बाजूलाच राहते. लोकर कातणं, रंगवणं हे मेहनतीचं आणि खर्चाचं काम. ६८ मीटरमध्ये या पद्धतीने किती लोकर वाचली असेल, ते भरतकाम करणाऱ्याला सांगायला नको.

रंग मुळात तीन वनस्पतींचे. लाल रंग मॅडर नावाच्या झुडपाच्या मुळांचा, जे आपल्या मंजिष्ठेचं सख्खं भावंड. पिवळा वेल्ड या रोपाचा. निळा वोडचा, हे मोहरीच्या कुळातलं झाड, पण त्यात रंग देणारं द्रव्य तेच जे आपल्या निळीच्या झाडात असतं. या तिघांच्या मिश्रणातून दहा छटा काढल्या आणि त्यात सगळं भागवलं. घोडा निळा भरायला त्यांना काही अडचण वाटली नाही. उलट एक सुंदर गोष्ट केली: घोड्याचे आपल्या बाजूचे पाय एका रंगाचे आणि पलीकडचे दुसऱ्या. सावली नाही, छायाप्रकाश नाही, तरी पलीकडचा पाय पलीकडे आहे हे लगेच कळतं. चिलखतांचंही तसंच. लोखंडी कड्यांचं चिलखत दाखवायला अंगभर छोटी छोटी वर्तुळं काढली आहेत.

पट नऊ तुकड्यांचा आहे. पहिल्या दोन तुकड्यांचा जोड पाहिला तर वरच्या काठाची रेघ एकमेकींना जुळत नाही, थोडी सरकलेली आहे. तुकडे आधी वेगवेगळे भरले आणि मग जोडले, असं त्यावरून कळतं. पुढचे जोड मात्र शोधावे लागतात. काम करता करता शिकलेले हात आहेत ते. ती सरकलेली रेघ मला पटातल्या कुठल्याही राजापेक्षा जास्त जवळची वाटते.

१०६६ साली झालं काय

इंग्लंडचा राजा एडवर्ड याला मूल नव्हतं. त्याची आई एम्मा ही नॉर्मंडीची लेक, विल्यमच्या आजोबांची बहीण. एडवर्डचं तरुणपण नॉर्मंडीतच आश्रित म्हणून गेलं. या नात्यामुळे, आणि एडवर्डने आपल्याला शब्द दिला होता म्हणून, इंग्लंडची गादी आपली, असं विल्यमचं म्हणणं. दुसरीकडे हॅरल्ड, इंग्लंडमधला सगळ्यांत बलाढ्य सरदार आणि एडवर्डचा मेहुणा. ५ जानेवारी १०६६ला एडवर्ड वारला आणि दुसऱ्याच दिवशी हॅरल्डने मुकुट घातला.

विल्यमने कित्येक महिने तयारी केली. तो यायच्या आधी तिसराच दावेदार उगवला: नॉर्वेचा राजा हाराल्ड, आणि त्याच्यासोबत हॅरल्डचा स्वतःचा रुसलेला भाऊ टॉस्टिग. हॅरल्डने उत्तरेला धाव घेऊन २५ सप्टेंबरला यॉर्कजवळ स्टॅमफर्ड ब्रिज इथे दोघांनाही मारलं. तीनच दिवसांनी, २८ सप्टेंबरला, विल्यम दक्षिण किनाऱ्यावर पेव्हन्सीला उतरला. हॅरल्ड तसाच थकल्या फौजेनिशी उलटा फिरला आणि १४ ऑक्टोबरला हेस्टिंग्जजवळच्या लढाईत मारला गेला. नाताळच्या दिवशी विल्यमला वेस्टमिन्स्टरमध्ये मुकुट चढवला गेला.

एवढी हकीकत हाताशी ठेवली की पट वाचता येतो.

पैसे कोणाचे, हात कोणाचे

कुठलीही बखर हातात घेतली की आपण आधी विचारतो, ही कोणाच्या सांगण्यावरून लिहिली? पटालाही तोच प्रश्न विचारायचा. फ्रान्समध्ये कित्येक पिढ्या लोक म्हणत आले की विल्यमची राणी मटिल्डा हिने सख्यांना घेऊन हे भरलं. ऐकायला छान आहे, पण त्याला पुरावा नाही. आज बहुतेक अभ्यासकांचा कल ओडोकडे आहे. ओडो हा विल्यमचा भाऊ. आई एक, वडील वेगळे. तो बायोचा बिशप होता आणि स्वारीनंतर इंग्लंडमधल्या केंट प्रांताचा अर्ल, म्हणजे तिथला मुख्य सरदारही झाला.

ओडो या पटात जरा जास्तच दिसतो. उतरल्यावरच्या मेजवानीत तो अन्नाला आशीर्वाद देतोय, मसलतीला विल्यमच्या शेजारी तो बसलाय, लढाईत हातात सोटा घेऊन घाबरलेल्या पोरांना धीर देतोय. पण त्याहून पक्का धागा दोन किरकोळ नावांत आहे. पटात फार थोड्यांची नावं दिली आहेत, आणि त्यात मोठमोठे सरदार सोडून वाडार्ड आणि व्हिटल अशा दोघांची नावं ठळक भरली आहेत. वाडार्ड घोड्यावर बसून रसदीवर देखरेख करतोय; व्हिटलला विल्यम विचारतोय, हॅरल्डची फौज दिसली का? हे दोघे कोण? विल्यमने १०८६ साली सगळ्या इंग्लंडच्या जमिनींची मोजदाद करवली, ती डूम्सडे बुक नावाच्या दप्तरात आहे. त्यात हे दोघे सापडतात, ओडोच्या हाताखाली जमिनी धरणारे म्हणून. ज्याच्या घरची माणसं नावानिशी दिसतात, पैसे त्याचेच, असा हिशेब.

हात मात्र इंग्लिश. तेही अक्षरांवरून कळतं. लॅटिन ओळींत मधूनच इंग्रजी वळण येतं: हेस्टिंग्जच्या गढीचं नाव लिहिताना लॅटिन ‘आद’च्या जागी इंग्रजी ‘अ‍ॅट’ भरलंय, आणि हॅरल्डचा भाऊ गिर्थ याच्या नावात इंग्रजांच्या जुन्या लिपीतलंच एक खास अक्षर आहे. चित्रांची वळणं कँटरबरीच्या मठांतल्या सचित्र पोथ्यांशी जुळतात, आणि कँटरबरी केंटमध्ये, म्हणजे ओडोच्याच मुलखात. म्हणून पट तिथे किंवा आसपास तयार झाला असावा असं मानतात.

इंग्लंडच्या बायका भरतकामासाठी त्या काळी युरोपभर नावाजलेल्या होत्या. त्या डूम्सडे दप्तरात लेओफगिथ नावाच्या विल्टशरमधल्या एका बाईची नोंद आहे. तिच्याकडे जमीन आहे, कारण ती राजाराणीसाठी जरीचं काम करते. बकिंगहॅमशरमधल्या दुसऱ्या बाईला तिथल्या शेरीफने जमीन दिली होती, ती आपल्या मुलीला जरीकाम शिकवण्याच्या बोलीवर. करवसुलीच्या रुक्ष दप्तरात या दोघी भेटल्या तेव्हा मला फार बरं वाटलं. शूराची कर्तबगारी कापडावर नोंदवायची रीतही तिथे आधीपासून होती. ९९१ साली माल्डनच्या लढाईत बिर्थनॉथ हा सरदार पडला, तेव्हा त्याच्या विधवेने त्याचे पराक्रम दाखवणारा पडदा ईलीच्या मठाला दिला होता. तो आज उरलेला नाही. बायोचा उरला.

म्हणजे चित्र असं की जिंकलेल्याने पैसे दिले आणि हरलेल्यांच्या हातांनी ते भरलं. हे लक्षात ठेवून पुढे पाहायचं.

काय दाखवलं, काय गाळलं

विल्यमची बाजू पटाने मन लावून मांडली आहे. कथेची सुरुवातच १०६६च्या आधीपासून होते: हॅरल्ड नॉर्मंडीला जातो, विल्यमच्या हाती लागतो, आणि दोन्ही हात संतांच्या पवित्र अवशेषांच्या पेट्यांवर ठेवून शपथ घेतो. वरच्या ओळीत ‘जिथे हॅरल्डने ड्यूक विल्यमपुढे शपथ घेतली’ एवढंच; कसली शपथ ते नाही. पण हे दृश्य मध्ये बसवलं की पुढचा हॅरल्डचा राज्याभिषेक आपोआप शपथभंग ठरतो. आणि पटात ही शपथ बायोच्या दृश्याला लागूनच घडते, तर विल्यमचा स्वतःचा चरित्रकार ती दुसऱ्याच गावी झाल्याचं सांगतो. बायोच्या बिशपला आपलं गाव या मानाच्या जागी हवं असणार, हे उघड आहे.

राज्याभिषेकातही तीच तऱ्हा. सिंहासनावरच्या हॅरल्डशेजारी स्टिगंड हा आर्चबिशप नावासकट उभा केलाय. स्टिगंडची नेमणूक रोमच्या पोपला मान्य नव्हती. तो शेजारी असला की मुकुटालाच बट्टा लागतो. इंग्लंडकडच्या एका बखरकाराच्या मते मुकुट चढवला तो यॉर्कच्या आर्चबिशपने, स्टिगंडने नाही.

लगेच पुढे माणसं आकाशाकडे बोटं दाखवताहेत. वरच्या काठात शेपटी फुटलेला तारा. ‘हे लोक ताऱ्याकडे चकित होऊन पाहतात.’ हा हॅलेचा धूमकेतू. तो त्या वर्षी एप्रिलच्या अखेरीस इंग्लंडमधून दिसला, म्हणजे राज्याभिषेकानंतर साडेतीन महिन्यांनी, पण पटाने तो हॅरल्डच्या डोक्यावरच आणून ठेवलाय. शेंडेनक्षत्र दिसलं की राजावर संकट, ही समजूत आपल्याकडेही होती, त्यामुळे हे दृश्य समजावून सांगावं लागत नाही. शेजारी हॅरल्ड कुणाचं तरी ऐकायला मान वाकवून बसलाय, आणि त्याच्या पायाखालच्या काठात रिकाम्या जहाजांच्या नुसत्या बाह्यरेषा काढल्या आहेत. आत रंग भरलेला नाही. अजून न आलेली जहाजं. नऊशे वर्षांपूर्वी मनातली भीती अशी दाखवता येते, हे सुचलं ज्याला त्याला माझा नमस्कार.

गाळलंय तेही बोलकं आहे. स्टॅमफर्ड ब्रिजची लढाई पटात कुठेच नाही. हॅरल्ड आदल्याच महिन्यात एक मोठा विजय मिळवून, शेकडो किलोमीटर चालून हेस्टिंग्जला पोचला होता, हे पट पाहणाऱ्याला कळतच नाही.

आणि तरीही हा नुसता स्तुतिपाठ नाही. त्यातल्या तीन जागा सांगते.

पहिली, नदीची. हॅरल्ड नॉर्मंडीत असताना विल्यमसोबत शेजारच्या ब्रिटनी प्रांतावरच्या मोहिमेला गेला, तेव्हा माँ-सँ-मिशेलजवळ कुएनाँ नदीच्या चिकट वाळूत शिपाई रुतले. पटात हॅरल्ड एकाला पाठुंगळी मारून दुसऱ्याला हाताने ओढून काढतोय. पाण्यात मासे दिसताहेत. शत्रूचा एवढा चांगुलपणा विजेत्याच्या कापडावर, आणि तोही नाव घालून.

दुसरी, एका शब्दाची. नॉर्मन दरबाराने पुढे हॅरल्डला राजा मानायचंच नाकारलं. डूम्सडे दप्तरात मोजदाद एडवर्डच्या काळावरून थेट विल्यमच्या काळावर येते, मधलं राज्य जणू झालंच नाही. पटात मात्र तो शेवटपर्यंत राजा आहे. त्याचे भाऊ पडतात तिथे ‘राजा हॅरल्डचे भाऊ’, तो पडतो तिथे ‘इथे राजा हॅरल्ड मारला गेला’. ‘रेक्स’ हा तीन अक्षरी लॅटिन शब्द भरताना सुई धरणारीच्या मनात काय होतं, हे मला विचारावंसं वाटतं.

तिसरी जागा सत्तेचाळिसाव्या दृश्यात आहे. (हे क्रमांक मागाहून वरच्या अस्तरावर शाईने घातले आहेत, त्यामुळे शोधायला सोपं.) विल्यमला हॅरल्ड येत असल्याची खबर मिळाली आहे, पुढच्या दृश्यात फौज घोड्यावर चढणार आहे. या दोन्हींच्या मध्ये दोन माणसं एका घराला पलिते लावताहेत. खाली दारातून एक बाई बाहेर पडते आहे, तिने मुलाचा हात धरलाय, दुसरा हात पुढे करून ती काहीतरी बोलते आहे. वर फक्त ‘इथे एक घर जाळलं जातं’. कोणाचं घर, कुठल्या गावातलं, काही नाही. अख्ख्या मुख्य पट्टीत बायका तीनच: मरणाऱ्या राजाजवळ बसलेली राणी, एल्फगिव्हा नावाची बाई, जिच्या ओळीत क्रियापदच भरलेलं नाही, आणि ही. सैन्य उतरलं की गावाचं काय होतं ते या एका दृश्यात आहे. इतिहासाच्या पुस्तकांत स्वारीच्या मार्गाचा बाण काढलेला असतो. हे घर त्या बाणाखाली असतं.

काठांकडेही पाहा. बराच वेळ वरच्या-खालच्या काठांत पक्षी, सिंह, नांगरणी, शिकार असं चाललेलं असतं, मधूनच इसापनीतीतल्या गोष्टी येतात. कोल्हा आणि कावळा तर तीनदा. कोणी कोणाला गोड बोलून फसवलं याचा तो इशारा असावा असं काही अभ्यासक म्हणतात, आणि कावळा हॅरल्ड की विल्यम यावर त्यांचं एकमत होत नाही. पण लढाई सुरू झाली की खालचा काठ बदलतो. प्राणी जातात आणि प्रेतं येतात. मुंडकी तुटलेली, अंगावरची चिलखतं ओढून काढली जात असलेली. वर घोडदळ दौडतंय आणि खाली हे. साडीच्या काठाला आपण शोभा म्हणतो. इथे काठाने लढाईचा हिशेब मांडलाय.

डोळ्यातला बाण

इंग्लंडमधल्या प्रत्येक शाळकरी मुलाला माहीत असतं की हॅरल्ड डोळ्यात बाण लागून मेला. हे चित्र पटातलं. ‘हॅरल्ड’ या नावाखाली एक माणूस उभा आहे, त्याने डोळ्याजवळचा बाण मुठीत धरलाय. शेजारी, ‘मारला गेला’ या शब्दांखाली, दुसरा माणूस पडतोय आणि घोडेस्वार त्याच्या मांडीवर तलवार चालवतोय. हॅरल्ड यातला कोण?

आता भरतकामाची दृष्टी कामाला येते. १७२९ साली एका चित्रकाराने पटाची हुबेहूब नक्कल कागदावर उतरवली. त्यात पहिल्या माणसाच्या हातात नुसती रेघ आहे, मागे पिसं नाहीत. तो भालाही असू शकतो. १८१०च्या दशकात चार्ल्स स्टॉथर्ड या इंग्लिश चित्रकाराने पुन्हा नक्कल केली, तेव्हा तिथे पिसांसकट बाण आहे. एकोणिसाव्या शतकात पटाची मोठी डागडुजी झाली. आणि दुसऱ्या, पडणाऱ्या माणसाच्या कपाळाजवळ रिकामी भोकं सापडली, जिथून कधीतरी सुई गेली होती आणि आता दोरा नाही. त्यालाही एके काळी बाण होता का? मग दोन्ही हॅरल्डच, आधी जखमी आणि मग ठार, असंही होतं. तशी एकच माणूस दोनदा दाखवायची पद्धत पटात इतरत्र आहे; एडवर्ड वरच्या मजल्यावर जिवंत आणि खालच्या मजल्यावर मेलेला आहे.

कागदावरच्या नोंदीत कोणी खाडाखोड केली तर शाई सांगते. कापडावर उसवलेलं भोक सांगतं. पटावर पाचशेहून जास्त ठिगळं आहेत. कुठला दोरा मूळचा आणि कुठला दुरुस्तीचा हे ओळखल्याशिवाय इथलं कुठलंही चित्र साक्षीला घेता येत नाही. शेवट तर फाटून गेलाच आहे. इंग्लिश शिपाई पळताहेत, आणि तिथे कापड संपतं. विल्यमच्या राज्याभिषेकाने पट पुरा होत असावा, पण तो भाग उरलेला नाही.

कापड टिकलं कसं

पहिली लेखी नोंद १४७६ची, बायोच्या कॅथेड्रलच्या सामानाच्या यादीतली: एक फार लांब आणि अरुंद भरतकाम केलेला पट, जो वर्षातून एकदा उत्सवाच्या दिवसांत गाभाऱ्यापुढच्या दालनात लावतात. उरलेलं वर्षभर तो गुंडाळून पेटीत. मला वाटतं यानेच तो वाचला. उजेड आणि कसर या भरतकामाच्या दोन वैऱ्यांपासून तो लांब राहिला.

१७९२मध्ये, फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत, बायोहून निघालेल्या फौजेच्या गाडीवर ताडपत्रीसारखा म्हणून हाच पट घातला होता. लेओनार लफॉरेस्त्ये या स्थानिक वकिलाने तो उतरवून घेतला आणि बदली दुसरं कापड दिलं. १८०३मध्ये नेपोलियनने तो पॅरिसला आणवून लोकांना दाखवला, कारण इंग्लंडवर स्वारी करायची त्याच्या मनात होती आणि एकदा तशी झाली होती याचा हा पुरावा. पुढे बायोत तो दोन रुळांवर गुंडाळून ठेवला होता. कोणी पाहुणा आला की दांडा फिरवून उलगडायचा. लोकरीच्या टाक्यांचं त्यात काय झालं असेल याचा विचारही करवत नाही.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी फ्रान्स घेतल्यावर १९४१मध्ये नाझींच्या वंशविषयक संस्थेने पटाचा अभ्यास केला. नॉर्मन हे मूळचे उत्तरेकडून आलेले, म्हणून त्यांना हा जर्मन वंशाचा पराक्रम वाटत होता. १९४४मध्ये पॅरिस हातचं जात असताना तो बर्लिनला न्यायचा हुकूम सुटला, पण तोवर पट ठेवलेल्या लूव्र संग्रहालयाचा ताबा जर्मनांविरुद्ध लढणाऱ्या फ्रेंच बंडखोरांकडे गेला होता. त्या अभ्यासाच्या वेळी काढून नेलेला कापडाचा एक बारीक तुकडा जर्मनीतल्या एका अभिलेखागारात सापडला, त्याची बातमी २०२५मध्ये आली. बायो गाव मात्र ७ जून १९४४लाच ब्रिटिश फौजेने सोडवलं. तिथल्या युद्धस्मारकावर लॅटिनमध्ये कोरलंय: विल्यमने ज्यांना जिंकलं त्या आम्ही त्या विजेत्याची मायभूमी मुक्त केली.

२०२०मध्ये वस्त्रसंवर्धकांनी पट इंच इंच तपासला. २४,२०४ डाग, ९,६४६ ठिकाणी कापड किंवा भरतकाम गेलेलं. बायोचं संग्रहालय नव्याने बांधायला काढलं आणि त्या काळात पट लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला, सप्टेंबर २०२६ ते जुलै २०२७, द्यायचं ठरलं. एवढं जीर्ण कापड हलवायचं की नाही यावर फ्रान्समध्ये बराच विरोध झाला. कापड हाताळणाऱ्यांचा तो विरोध मला समजतो. जिथल्या बायकांनी तो भरला त्यांच्या देशात त्याने एकदा जावं, असंही मनापासून वाटतं.

इंग्लंडमध्ये त्याची नक्कल मात्र आधीपासून आहे. लीक या गावच्या एलिझाबेथ वॉर्डल यांनी पस्तीसेक बायकांना जमवलं आणि १८८५-८६मध्ये अख्खा पट लोकरीने पुन्हा भरला. लोकर रंगवली त्यांचे पती थॉमस वॉर्डल यांनी. ते रेशीम रंगवणारे, आणि भारतातलं तसर व इथले वनस्पतिरंग हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. त्यासाठी ते हिंदुस्थानात येऊनही गेले. विदर्भात तसर काढणाऱ्यांना हा माणूस परका वाटला नसता. ती नक्कल आता रेडिंगच्या संग्रहालयात आहे. काठातल्या उघड्या आकृत्या तिच्यात झाकल्या आहेत, तो त्या काळाचा संकोच. पण मूळ पटात नसलेलं एक काम त्या बायकांनी केलं. प्रत्येकीने जेवढा भाग भरला, त्याच्या खाली तिने स्वतःचं नाव भरलं.